पायात रॉड, हातात फाइल : अपघात भरपाईबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची सगळी पत्रं रस्त्यावरच्या अपघातांची आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत आणि मजकूर थोडा आवरता घेतला आहे. मृत्यूच्या दाव्यांचा हिशेब वेगळा असतो, म्हणून तो इथे घेतलेला नाही. उत्तरं जखमींपुरतीच आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर फरशी बसवायचं काम करतात, वय ३४. पाच महिन्यांपूर्वी नवले पुलाजवळ एका कारने त्यांच्या स्कूटरला मागून धडक दिली. उजव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. तेव्हापासून काम बंद आहे. विमा कंपनीकडून एक जण येऊन गेला. अडीच लाख देतो, सही करा म्हणतो. पायाचं अपंगत्व २० टक्के धरलं जाईल असं डॉक्टर म्हणाले. सही करावी का?
— एक भगिनी, धायरी

उत्तर : ताई, सही थांबवा. अडीच लाख हा आकडा त्या माणसाने मनाने काढलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये गंभीर दुखापतीसाठी तेवढीच ठरावीक रक्कम आहे. समोरच्याची चूक सिद्ध न करता ती मिळते, हा तिचा फायदा. पण त्याच कायद्यात कलम १६६ ला जोडलेली एक ओळ अशी आहे की, कलम १६४ ची रक्कम रीतसर स्वीकारली की पूर्ण भरपाईचा दावा संपुष्टात येतो. ही ओळ तो माणूस तुम्हाला वाचून दाखवणार नाही.

आता पूर्ण भरपाई किती होऊ शकते ते पाहा. तुमच्या मिस्टरांची कमाई महिन्याला २८,००० रुपये होती असं धरू. स्वतःचा धंदा करणाऱ्याचं वय ४० च्या आत असेल, तर पुढे कमाई वाढली असती म्हणून तीत ४० टक्के मिळवतात. हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये ठरवून दिलं, आणि कायमचं अपंगत्व आलेल्या जखमींनाही ते लागू होतं हे २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात स्पष्ट झालं. म्हणजे २८,००० चे झाले ३९,२००. त्याचे २० टक्के ७,८४०. वर्षाचे ९४,०८०. वर्षाचं नुकसान ज्या आकड्याने गुणतात तो ‘गुणक’ वयावरून ठरतो. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६. एकूण १५,०५,२८० रुपये. हे फक्त भविष्यातल्या कमाईच्या नुकसानाचे. दवाखान्याचा खर्च, बंद असलेल्या महिन्यांची कमाई, रॉड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च, प्रवास, सोबतीला ठेवलेला माणूस, वेदना आणि गमावलेलं रोजचं सुख, हे सगळं वेगळं मागायचं असतं.

खरा मुद्दा मात्र त्या २० टक्क्यांतच आहे. डॉक्टर पायाचं अपंगत्व मोजतात. न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाला, मोजायचं असतं ते कमाईचं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट उलगडला आहे. पाय तोच, पण माणूस काय काम करतो यावर नुकसान ठरतं. बँकेत टेबलावर बसणाऱ्याचा गुडघा थोडा कमी वाकला तर पगार चालूच राहतो. फरशीवाला दिवसभर उकिडवा नाहीतर गुडघ्यांवर असतो. त्याला ५० किलोची सिमेंटची गोणी जिन्याने वर न्यावी लागते, लेव्हल बघायला वाकावं लागतं. अशा माणसाचं कमाईचं अपंगत्व २० ऐवजी ४० टक्के धरलं गेलं, तर वरचाच हिशेब ३०,१०,५६० वर जातो. उलटही होऊ शकतं. पायाचे २० टक्के म्हणजे अख्ख्या शरीराचे २० नव्हेत, असं सांगून कंपनीचा वकील ते ८ वर आणायला बघेल. म्हणून डॉक्टरांची साक्ष लागते. नुसतं प्रमाणपत्र फाइलला लावून भागत नाही. गुडघा किती अंशांत वाकतो, उकिडवं बसता येतं का, ओझं उचलता येतं का, पाय आखूड झाला आहे का, हे डॉक्टरांनी साक्षीत तोंडाने सांगायला हवं. वकिलाला हे प्रश्न आधीच लिहून द्या. बरेचदा ते विचारायचेच राहतात.

कमाईचा पुरावा आजपासून जमवा. ज्या ठेकेदारांकडे काम केलं त्यांची पत्रं, यूपीआयने आलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट, कामांची नोंदवही, साइटवरचे फोटो. किमान एक ठेकेदार साक्षीला यायला तयार हवा. नुसत्या पत्राला उलटतपासणीत फारशी किंमत राहत नाही. काहीच पुरावा नसला तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास अंदाज बांधतं आणि सगळा हिशेब तिथूनच खाली येतो.

मुदतीचं सांगायचं तर, १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) नुसार अपघातापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. तुमच्याकडे एक महिना उरला आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुणी मुदत घालवू नये. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवलेला अपघात अहवालही कायद्याने अर्ज म्हणून धरला जातो. नियमांत त्याचं वेळापत्रकही आहे : पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, सविस्तर ९० दिवसांत. प्रत्यक्षात हे वेळापत्रक पाळलं जाईलच असं नाही, म्हणून स्वतःचा अर्ज दाखल करणं बरं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज अडवून धरू नका. हाड जुळून पायात आणखी सुधारणा होणार नाही असं डॉक्टर म्हणतील तेव्हा ससूनमधून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्या आणि नंतर जोडा. अर्ज शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. त्यात कारचा चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले करा. मागितलेला आकडा म्हणजे वरची मर्यादा नव्हे. पुराव्यावरून जास्त निघालं तर जास्त देता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून पक्कं आहे. व्याज मात्र अर्जाच्या तारखेच्या आधीचं मिळत नाही, म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना तुमच्या खिशातून जातो.

प्रश्न : बारा दिवसांपूर्वी मुलाच्या मोटारसायकलला कर्वे रस्त्यावर कारने ठोकलं. कारवाला सज्जन वाटला. त्यानेच दवाखान्यात नेलं, पण पोलिसांची भानगड नको म्हणाला. केसपेपरवर ‘गाडी घसरून पडला’ असं लिहिलं गेलं. वीस हजार दिले आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ अशी मुलाची सही घेतली. आता दुसरं ऑपरेशन सांगितलंय, खर्च तीन लाखांच्या पुढे जाईल. दार बंद झालं का?
— एक वडील, कोथरूड

उत्तर : दार बंद झालेलं नाही, पण ते तुम्ही स्वतःच ओढून घेतलं आहे. आता उघडायला जोर लावावा लागेल.

सगळ्यात मोठी अडचण स्टॅम्पपेपरची नाही, केसपेपरवरच्या त्या पहिल्या ओळीची आहे. जखमी दाखल झाला की डॉक्टर ‘कसं झालं’ हे विचारून एक ओळ लिहितात. अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील सर्वांत आधी तीच ओळ उघडतो. तिथे ‘घसरून पडला’ असं असेल तर धडक देणारी कार त्या गोष्टीत कुठेच नाही. ओळ खोडून वर दुसरी लिहायला कुणालाही सांगू नका. खाडाखोड दिसली की उरलेल्या कागदांवरचाही विश्वास जातो. दवाखान्याला लेखी अर्ज द्या : माहिती कुणी दिली होती, मुलगा तेव्हा शुद्धीवर होता का, खरं काय घडलं. त्याची पोच घ्या. डॉक्टरांना विनंती करा की आजच्या तारखेला, सहीनिशी, वेगळी नोंद करावी. रस्ते अपघाताचा जखमी आला की दवाखान्याने ‘एमएलसी’ (पोलिसांशी संबंध येणाऱ्या जखमीची नोंद) करून पोलिसांना कळवायचं असतं. ते झालं होतं का, हेही त्याच अर्जात विचारा.

मग पोलीस ठाणं. हद्द कुणाची यावर अडू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. (पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड अशी दोन आयुक्तालयं असल्यामुळे सीमेवरच्या लोकांना ‘तिकडे जा’ हे उत्तर फार ऐकावं लागतं.) बारा दिवस का लागले याचं कारण फिर्यादीतच लिहा. सरळ लिहा की गाडीवाल्याने खर्च देण्याचं कबूल केलं म्हणून थांबलो. केवळ फिर्याद उशिरा झाली म्हणून दावा खोटा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण प्रकरणात म्हटलं आहे. पण उशिराचं कारण कागदावर असावं लागतं. ठाण्यात घेतलं नाही तर तीच तक्रार पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

आजच्या आज करायचं काम सीसीटीव्हीचं आहे. दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांत जुनं चित्रीकरण काही दिवसांत पुसून त्यावर नवं येतं. ज्या दुकानासमोर धडक झाली तिथे जा, त्यांना लेखी विनंती करा, आणि पोलिसांना दिलेल्या अर्जात त्या दुकानाचं नाव लिहा.

स्टॅम्पपेपरबद्दल. तुमच्यात आणि कारवाल्यात झालेली सही म्हणजे न्यायाधिकरणाचा निवाडा नव्हे. तीत विमा कंपनी नव्हती. मुलगा दुखापतीत असताना, दुसऱ्या शस्त्रक्रियेची कल्पना नसताना ती घेतलेली आहे. तरी ती तुमच्यासमोर धरली जाणारच. त्यात ‘गाडीवाल्याची चूक नव्हती’ असं वाक्य आहे का ते आधी पाहा. असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा. वीस हजार मिळाले हे अर्जात स्वतःहून लिहा, ते भरपाईतून वजा होतील एवढंच. लपवलं आणि उलटतपासणीत बाहेर आलं तर वीस हजारांपेक्षा बरंच जास्त जाईल.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करतो. रिक्षाच्या धडकेने खांदा निखळला, ऑपरेशन झालं. सगळा खर्च कंपनीच्या मेडिक्लेमने दिला. पगारही चालू होता, ५२ दिवसांची रजा मात्र संपली. मग मी मागायचं तरी काय?
— एक वाचक, वाकड

उत्तर : जवळजवळ सगळंच. मेडिक्लेमचे पैसे हे भरलेल्या हप्त्यांचं फळ आहे. धडक देणाऱ्याला त्याचा फायदा का मिळावा? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये हेच सांगितलं आहे : मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही. महाराष्ट्रातल्या न्यायाधिकरणांना हा निकाल लागू आहे.

अडचण कागदांची येते. मूळ बिलं मेडिक्लेमच्या कंपनीकडे गेलेली असतात. त्यांच्याकडून मंजुरीचं पत्र आणि बिलांच्या शिक्का मारलेल्या प्रती मागवा. दवाखान्याच्या बिलिंग विभागातला माणूस साक्षीला बोलावता येतो. औषधांच्या दुकानाची बिलं लावताना प्रत्येक बिलाशी त्या तारखेची चिठ्ठी जोडा. चिठ्ठी नसलेली बिलं कापली जातात. फिजिओथेरपीच्या पावत्या दर भेटीच्या घ्या, शेवटी एकदम एक ठोक पावती नको.

संपलेली रजा हे नुकसानच आहे. ती पुढे रोखीत बदलता आली असती किंवा खऱ्या आजारपणात वापरता आली असती. एचआरकडून रजेचा तपशील, त्या महिन्यांच्या पगारपावत्या आणि शेवटची ३ वर्षांची आयकर विवरणपत्रं घ्या.

प्रश्न : मित्राच्या कारमधून मुंबईहून येत होतो. एक्स्प्रेस-वेवर खालापूरच्या पुढे मित्राला डुलकी लागली आणि कार पुढच्या ट्रकवर आदळली. माझे दोन मणके दबले. मित्रावर केस करायला जीव धजत नाही. शिवाय अपघात रायगड जिल्ह्यात झाला.
— एक वाचक, औंध

उत्तर : सामनेवाल्यांच्या यादीत मित्राचं नाव येईल, पैसे मात्र त्याच्या विमा कंपनीने द्यायचे असतात. त्याला हे आधी शांतपणे सांगा. बहुतेक मित्रांना ते पटतं. पॉलिसीची प्रत तर त्याच्याकडूनच मिळणार आहे.

ती प्रत हातात आली की पहिल्या पानावर पॉलिसीचा प्रकार बघा. तुमचं सगळं त्यावर आहे. ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ असेल तर गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. हे २००९ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकात आहे आणि २०१२ च्या बालकृष्णन निकालातही. नुसती ‘थर्ड पार्टी’ पॉलिसी असेल तर खासगी कारमधला फुकटचा प्रवासी तीत धरला जात नाही, मग भरपाईची जबाबदारी मित्रावर येते. तेव्हा खरोखर विचार करावा लागेल.

ट्रकचीही चूक होती का, हे पंचनाम्यात तपासा. मागचे दिवे बंद होते का? भलत्याच लेनमध्ये होता का? दोन्ही वाहनांची थोडीथोडी चूक असेल आणि तुम्ही नुसते प्रवासी असाल, तर कोणाची किती याचा हिशेब तुमच्या डोक्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानुसार तुम्ही पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करू शकता. त्यामुळे ट्रकचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांनाही पक्षकार करा.

रायगडचं काही अडत नाही. अपघात जिथे झाला, तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता, किंवा सामनेवाला जिथे राहतो, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. तुम्ही पुण्यात करा. फिर्याद, पंचनामा आणि जबाबांच्या प्रती मात्र ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथूनच आणाव्या लागतील. दोन-तीन खेपा धरून चाला.

चूक पूर्णपणे मित्राचीच ठरली तर त्याला स्वतःला यातून काही मिळणार नाही. त्याच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असेल तरी तो मृत्यू आणि ठरावीक मोठ्या अपंगत्वासाठी आहे. मोडलेल्या हाडाचं बिल त्यातून निघत नाही.

प्रश्न : वाघोलीजवळ वडिलांना पहाटे गाडीने उडवलं, गाडी पळाली. नंबर कुणी पाहिला नाही. हात मोडला.
— एक वाचक, केसनंद

उत्तर : कलम १६१ खाली गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. हाड मोडणं कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच आहे. अर्ज न्यायालयात नाही, महसूल कार्यालयात करायचा. प्रांत किंवा तहसीलदार चौकशी करतात, जिल्हाधिकारी मंजूर करतात आणि पैसे जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून खात्यावर येतात. एफआयआर, दवाखान्याचे कागद, ओळखपत्र, बँक पासबुक जोडा. पुढे गाडी सापडली आणि पूर्ण भरपाई मिळाली तर हे पन्नास हजार परत जातात, पण गाडी सापडेल म्हणून अर्ज थांबवायचं कारण नाही.

याच निमित्ताने एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित उपचार योजना लागू आहे : अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाखापर्यंत, यादीतल्या दवाखान्यांत. गाडीचा विमा आहे की नाही, गाडी सापडली की नाही, यावर ते अवलंबून नाही. त्यासाठी अपघाताची खबर पोलिसांपर्यंत पोचलेली हवी. ११२ ला फोन करा.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर खड्ड्यात स्कूटी जाऊन पडले, मनगट मोडलं. दुसरी गाडीच नव्हती, मग दावा कुणावर?
— एक वाचक, वडगाव बुद्रुक

उत्तर : इथे मोटार वाहन कायद्याचा रस्ता नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या अपघातांसाठी भरपाई ठरवून दिली : मृत्यूला ६ लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे ५०,००० ते अडीच लाख. महापालिकेच्या हद्दीत त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा.

पुराव्याचा प्रश्न गाडीच्या अपघातापेक्षा इथे अवघड, कारण खड्डा बुजवला की पुरावा संपला. फोटो दोन प्रकारचे घ्या. एक जवळून, खड्ड्यात चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवून, म्हणजे खोली कळेल. दुसरा लांबून, शेजारच्या दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर दिसेल असा. फोनमध्ये लोकेशन चालू ठेवा. केसपेपरवर ‘खड्ड्यामुळे पडल्या’ असं लिहिलं आहे का ते बघा. इथेही तीच पहिली ओळ. रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, हे अर्जाआधी विचारून घ्या.

प्रश्न : आई ५८ वर्षांची, गृहिणी. स्वारगेटजवळ रस्ता ओलांडताना दुचाकीने धडक दिली, खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकरशिवाय चालत नाही. ‘उत्पन्न नाही तर भरपाई कसली’ असं एक ओळखीचे म्हणाले.
— एक मुलगी, सहकारनगर

उत्तर : ओळखीच्यांना सांगा की स्वयंपाक, धुणीभांडी, नातवंडं आणि आजारी माणसाची उस्तवार हे सगळं त्या करायच्या. आता त्यासाठी किती बायका आणि किती पगाराच्या लावल्या आहेत? गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात बजावलं आहे. वय ५६ ते ६० साठी गुणक ९ आहे.

स्वयंपाकाची बाई आणि सांभाळणारी बाई लावली असेल तर पगार शक्यतो खात्यावर द्या. रोख देत असाल तर दर महिन्याला पावती लिहून त्यांची सही आणि पत्ता घ्या. मदतनीस कायमची लागणार असेल तर तिचा खर्चही गुणकाने मागता येतो. पुढे सांधा बदलावा लागेल असं डॉक्टर म्हणत असतील तर त्याचं अंदाजपत्रक लेटरहेडवर, तारखेसह घ्या. तोंडी अंदाज साक्षीत टिकत नाही.

झेब्रा क्रॉसिंग सोडून ओलांडत होत्या असा आरोप येईल. पंचनाम्यातला नकाशा बघा : क्रॉसिंग किती अंतरावर दाखवलंय, सिग्नल चालू होता का, धडक रस्त्याच्या मध्यावर झाली की कडेला. थोडी चूक त्यांच्याकडे आली तरी दावा बुडत नाही, तेवढे टक्के कापले जातात.

प्रश्न : माझ्या टेम्पोने एका सायकलस्वाराला धडक दिली. ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे, व्यावसायिक वाहनाची वेगळी नोंद नाही. विमा कंपनी हात वर करेल का?
— एक टेम्पोमालक, भोसरी

उत्तर : टेम्पोचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर नाही. आरसीवर ‘ग्रॉस व्हेइकल वेट’ लिहिलेलं असतं, ते बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हा वाद मिटवला : हलक्या वाहनाच्या परवान्यावर त्या वजनापर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. परवान्याची मुदतच संपलेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सहसा ‘आधी द्या, मग वसूल करा’ असा आदेश होतो. जखमीला कंपनीकडून पैसे मिळतात आणि कंपनी तुमच्या मागे लागते. पॉलिसीच नसेल तर सगळं तुमच्या अंगावर. पोलीस मालकाचा आणि चालकाचा फॉर्म भरून मागतील, तो टाळू नका. कंपनीलाही आजच लेखी कळवा.

प्रश्न : दवाखान्याच्या दारातच एक जण भेटला. ‘खर्च माझा, निकाल लागला की तीस टक्के द्या’ म्हणाला. पुण्यात अशी सर्रास पद्धत आहे का? आणि लोकअदालतीत मिटवणं शहाणपणाचं का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : पद्धत आहे, पण ती कायदेशीर नाही. निकालातल्या रकमेचा वाटा फी म्हणून ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, आणि तो दारातला माणूस तर बहुधा वकीलही नसतो. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका, मूळ कागद देऊ नका. पैशांची ओढाताण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग यांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

लोकअदालतीचं उत्तर कागद किती तयार आहेत यावर आहे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र यायच्या आधी तिथे बसलात तर अंदाजावर तडजोड होते आणि तो अंदाज कधी तुमच्या बाजूने नसतो. प्रमाणपत्र, कमाईचा पुरावा आणि पुढच्या उपचारांचं अंदाजपत्रक हातात असेल, वरच्यासारखा हिशेब मांडून झाला असेल, आणि कंपनी त्याच्या जवळपास येत असेल, तर घ्यावं. खटला चालवून निवाडा मिळाला की समोरचा ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि मग मुंबईच्या तारखा सुरू होतात. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झालं असलं तरी पुणे जिल्हा त्यात नाही.

भरपाई हल्ली थेट खात्यावर जमा करतात, आणि काही भाग मुदतठेवीत ठेवायचा आदेश होऊ शकतो. ठेव मुदतीआधी मोडायची तर न्यायाधिकरणाकडे कारणासह अर्ज करावा लागतो. अर्जावरचं नाव, आधार आणि पासबुक यांत एका अक्षराचाही फरक नको. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची रक्कम निवाडा होऊनही याच एका कारणाने महिनोन् महिने अडकून पडते.